हाताने प्रोपेलर फिरवून विमानाचे इंजिन सुरू करणे

हाताने प्रोपेलर फिरवून इंजिन सुरू करणे ही विद्युत स्टार्टर नसलेल्या जुन्या हलक्या विमानांचे पिस्टन इंजिन चालू करण्याची पद्धत होय. या पद्धतीत एक व्यक्ती विमानाबाहेर उभी राहून प्रोपेलरचे पाते खाली ओढते आणि दुसरी व्यक्ती विमानात बसून थ्रॉटल, ब्रेक व मॅग्नेटोचा स्विच सांभाळते. इंजिन बंद असले आणि स्विच 'ऑफ' असला, तरी प्रोपेलर कोणत्याही क्षणी फिरू शकतो असे गृहीत धरणे, हा या पद्धतीचा मूलभूत नियम आहे.

या लेखात मुख्यतः अमेरिकन बनावटीच्या पायपर जे-३ कब या दोन आसनी विमानाचे उदाहरण घेतले आहे. या विमानाचे उत्पादन १९३८ ते १९४७ या काळात झाले. त्याच्या अनेक नगांवर ६५ अश्वशक्तीचे, चार सिलिंडरचे, हवेने थंड होणारे कॉन्टिनेन्टल ए-६५ इंजिन बसवलेले असते.

== रचना ==
मूळ कब विमानात बॅटरी, जनित्र किंवा स्टार्टर नसतो. सुमारे ४५ लिटरची इंधनटाकी उपकरणफलकाच्या पुढे असून पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरपर्यंत उतरते. कार्ब्युरेटर इंजिनाच्या खालच्या बाजूस असतो व मिश्रण वर ओढले जाते. प्रोपेलर हाताने फिरवताना हवेचा प्रवाह फार क्षीण असतो. शिवाय थंड पेट्रोलची वाफ सहज होत नाही. त्यामुळे थंड इंजिनाला प्रायमर या लहान हातपंपाने थोडे जादा पेट्रोल द्यावे लागते. गरम इंजिनाला सहसा त्याची गरज पडत नाही.

या इंजिनांवर आढळणाऱ्या स्ट्रॉमबर्ग एनए-एस३ए१ कार्ब्युरेटरला प्रवेगक पंप नसतो. त्यामुळे सुरू करण्यापूर्वी थ्रॉटल पुढे-मागे केल्याने जादा पेट्रोल मिळत नाही. प्रवेगक पंप असलेल्या इतर कार्ब्युरेटरांत मात्र याच कृतीने इंजिनात पेट्रोलचा अतिरेक होऊ शकतो.

== मॅग्नेटो आणि त्याचा धोका ==
ठिणगीसाठी लागणारी वीज दोन मॅग्नेटो निर्माण करतात. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्यातील चुंबक फिरला की वीज तयार होते. स्विच 'ऑफ' केल्यावर मॅग्नेटोचा वीजपुरवठा तुटत नाही, तर एका तारेद्वारे त्याची प्राथमिक गुंडाळी इंजिनाच्या धातूला जोडली जाते व ठिणगी थांबते. ही तार तुटली, सैल झाली किंवा स्विच बिघडला, तर 'ऑफ' स्थितीतही मॅग्नेटो जिवंत राहतो.

वर उल्लेखिलेल्या स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटरमध्ये इंधन पूर्णपणे तोडून इंजिन थांबवण्याची सोय नसते. इंजिन स्विचनेच थांबवले जात असल्याने सिलिंडरमध्ये थोडे मिश्रण शिल्लक राहू शकते. जिवंत मॅग्नेटो आणि शिल्लक मिश्रण एकत्र आले, तर पाते सहज हलवल्यानेही इंजिन पेटू शकते. म्हणून इंजिन थांबवण्यापूर्वी मंद गतीवर स्विच क्षणभर 'ऑफ' करून इंजिन खरोखर विझू लागते का, हे पाहण्याची पद्धत आहे.

== कार्यपद्धती ==
विमान कोरड्या, घट्ट जमिनीवर उभे केले जाते. चिखल, ओले गवत किंवा सुटी खडी असेल तर पाय प्रोपेलरकडे घसरण्याचा धोका असतो. चाकांना ठोकळे लावले जातात व शेपूट दोराने बांधले जाते. विमानात बसणारी व्यक्ती नियंत्रणांची माहिती असलेलीच असावी लागते.

बाहेरील व्यक्ती 'स्विच ऑफ, थ्रॉटल बंद, ब्रेक लावा' अशा सूचना देते आणि आतील व्यक्ती कृती करून त्या मोठ्याने परत म्हणते. ब्रेक धरले आहेत याची खात्री विमान ढकलून केली जाते. स्विच बंद ठेवून प्रोपेलर काही फेरे फिरवल्यावर मिश्रण सिलिंडरांत पोहोचते. त्यानंतर पाते योग्य स्थितीत आणून बाहेरील व्यक्ती मागे सरते, थ्रॉटल किंचित उघडण्यास सांगते व 'कॉन्टॅक्ट' असे म्हणते. आतील व्यक्ती तोच शब्द उच्चारून स्विच चालू करते.

समोरून पाहता ए-६५ चा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. म्हणून समोर उभ्या व्यक्तीच्या डाव्या हाताकडील, घड्याळातील दहाच्या आकड्याच्या जागी असलेले पाते खाली ओढले जाते. बोटे पात्यावर सपाट ठेवतात. कडेभोवती वळवत नाहीत, कारण इंजिनाने उलटा झटका दिल्यास हात अडकतो. ओढण्याच्या गतीतच शरीर मागे जाईल अशी पावले टाकली जातात. गळपट्टा, सैल कपडे व अंगठ्या टाळल्या जातात.

इंजिन सुरू झाल्यावर प्रथम तेलाचा दाब पाहिला जातो. सुमारे ३० सेकंदांत दाब न दिसल्यास इंजिन थांबवतात.

== इंजिन सुरू न झाल्यास ==
पेट्रोल जास्त झाल्यास कार्ब्युरेटरखाली थेंब पडतात व वास येतो. अशा वेळी स्विच व इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रोपेलर फिरवला जातो, जेणेकरून जादा पेट्रोल बाहेर पडते. पुढील प्रयत्नापूर्वी थ्रॉटल पुन्हा मागे घेणे अत्यावश्यक असते. कबचे रिकामे वजन केवळ सुमारे ३५० किलोग्रॅम असल्याने, उघड्या थ्रॉटलवर इंजिन पेटल्यास विमान ठोकळे ओलांडून धावू शकते.

खाली साचलेले पेट्रोल इंजिनाच्या उलट्या भडक्याने पेट घेऊ शकते. स्टार्टर असलेल्या विमानात अशा वेळी इंजिन फिरवत ठेवून ज्वाळा आत खेचल्या जातात. हाताने सुरू होणारे इंजिन चालू झाले नसेल, तर इंधन व स्विच बंद करून विमानाबाहेर पडणे व अग्निशामक वापरणे हाच मार्ग उरतो.

== इतर विमाने ==
ब्रिटिश डी हॅविलँड टायगर मॉथच्या जिप्सी मेजर इंजिनाचा प्रोपेलर कबच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे एका विमानावर शिकलेली हाताची व पायांची ठेवण दुसऱ्यावर तशीच वापरणे धोक्याचे ठरते. टायगर मॉथ भारतीय हवाई दलात प्राथमिक प्रशिक्षणासाठी वापरले जात असे. पुढे त्याची जागा विष्णू माधव घाटगे यांनी आरेखित केलेल्या व १९५१ मध्ये प्रथम उडालेल्या एचटी-२ या विमानाने घेतली.