आरशाचा कॅमेरा आणि आपलें रान

गेल्या मार्च महिन्यांत आमच्या वसतिगृहांतील एक विद्यार्थी सुटीवरून परत आला, तो एक चित्र बरोबर घेऊन. त्याचें गांव सिंदेवाही तालुक्यांत, रानाच्या अगदीं कडेला आहे. मोहफुलें वेंचण्याचे ते दिवस. त्याची आजी रोज पहाटे टोपली घेऊन बांधापलीकडील झाडाखालीं जाते. त्याच बाजूस नाल्याच्या कांठानें एक वाघ तिन्हीसांजेच्या सुमारास जातांना त्यास दिसला आणि त्यानें काकाच्या मोबाईलवर त्याचें चित्र घेतलें. वनरक्षकास तें दाखविलें तेव्हां तो म्हणाला, “वाघ आहे एवढें खरें, पण कोणता, तें यावरून कळत नाहीं.” चित्रांत एक पिवळसर फराटा होता व त्याच्याभोंवतीं करड्या ठिपक्यांची दाटी. “सर, शाळेच्या मोठ्या कॅमेऱ्यानें काढलें असतें, तर पट्टे दिसले असते काय?” असें त्यानें मला विचारलें. त्यास मीं जें उत्तर दिलें, तेंच थोड्या विस्तारानें येथें लिहीत आहें.

प्रश्न पोरकट नव्हता. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची ठेवण निराळी असते, आणि एकाच वाघाची उजवी कूस व डावी कूस याही एकमेकींशीं जुळत नाहींत. म्हणून वनखात्याचे लोक वाटेच्या दोहों बाजूंस समोरासमोर आपोआप चालणारे कॅमेरे बांधतात. त्यांस कॅमेरा ट्रॅप म्हणतात. २०१८ च्या व्याघ्रगणनेच्या वेळीं देशभर २६,८३८ ठिकाणीं असे कॅमेरे लाविले होते, आणि त्यांनीं टिपलेल्या ३,४८,५८,६२३ चित्रांपैकीं वाघाचीं चित्रें ७६,६५१ भरलीं. गणना हा एक उपयोग झाला. दुसरा उपयोग आपल्याकडील लोकांस अधिक जवळचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर व भंडारा या जिल्ह्यांत मिळून तेरा माणसांचा बळी घेणारा ‘सीटी-१’ नांवाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्यें वडशाच्या रानांत बेशुद्ध करून पकडण्यांत आला. अशा प्रसंगीं औषधाची बंदूक नेमकी कोणावर रोखावयाची, हें पट्ट्यांच्या चित्रावरून ठरवावें लागतें. चुकीचा वाघ धरला, तर एक निरपराधी जनावर जन्मभर पिंजऱ्यांत जातें आणि खरा अपराधी मोहाच्या झाडाजवळ तसाच फिरत राहतो.

आतां कॅमेऱ्याकडे वळूं. शाळेस एका माजी विद्यार्थ्यानें भेट दिलेला जो कॅमेरा आहे, त्या जातीस इंग्रजींत ‘डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स’ व संक्षेपानें ‘डीएसएलआर’ म्हणतात. नांव लांबलचक असलें तरी त्यांतील प्रत्येक शब्द उपयोगाचा आहे. जुन्या कांहीं कॅमेऱ्यांस दोन भिंगें असत. एकांतून छायाचित्रकार पाही व दुसऱ्यांतून चित्र उमटे. येथें भिंग एकच. त्यांतून आंत आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडतो, तेथून वर एका घासलेल्या कांचेवर जातो, आणि पंचकोनी लोलकांतून फिरून आपल्या डोळ्यापर्यंत पोंचतो. जें भिंगास दिसतें तेंच आपणांस दिसतें. कळ दाबतांच आरसा फटकन वर उचलला जातो, त्यामागील पडद्यांची झडप क्षणभर उघडते, प्रकाश संवेदकावर पडतो व आरसा पुन्हा खालीं येतो. ‘खटाक्’ असा जो आवाज ऐकूं येतो तो या धांवपळीचा होय. त्या निमिषांत डोळ्यापुढें अंधार होतो, ही गोष्ट नवशिक्यास चमत्कारिक वाटते: जो क्षण आपण टिपला, नेमका तोच आपण पाहिलेला नसतो!

ही रचना डिजिटल युगाच्या पुष्कळ आधींची आहे. फिल्मवर चालणारे असे लहान कॅमेरे १९३६ पासून मिळूं लागले. फिल्मच्या जागीं संवेदक बसविण्याची युक्ति मागाहूनची. कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचें, आणि तें कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत. तेवढ्या वेळांत आमचा वाघ नाला ओलांडून गेला असता. १९९१ साली त्याच कंपनीनें निकॉनच्या कॅमेऱ्यास संवेदक जोडून पहिला विक्रीचा डीएसएलआर काढला.

संवेदक म्हणजे सिलिकॉनची एक चकती. तिच्यावर प्रकाश मोजणाऱ्या सूक्ष्म घरांच्या ओळी असतात. घरें स्वतः रंग जाणत नाहींत, म्हणून प्रत्येकावर तांबड्या, हिरव्या किंवा निळ्या रंगाची गाळणी बसवितात; त्यांपैकीं निम्मीं घरें हिरवीं असतात, कारण आपली दृष्टि हिरव्याविषयीं सर्वांत तीक्ष्ण आहे. किती घरें, हाच मुलांचा पहिला प्रश्न. “सर, किती मेगापिक्सेल?” शाळेच्या कॅमेऱ्यांत ६००० आडवीं व ४००० उभीं, म्हणजे दोन कोटी चाळीस लक्ष. पण या वार्षिकांत सहा इंच रुंद व चार इंच उंच चित्र उत्तम छापावयास बावीस लक्षही पुरेसे होतात. संख्येपेक्षां आकार महत्त्वाचा. पूर्ण आकाराचा संवेदक ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच असतो. आमचा साडेतेवीस रुंद व सुमारें साडेपंधरा उंच आहे. मोबाईलमधील याहून फारच लहान. घर मोठें, तर त्यांत प्रकाश अधिक मावतो.

त्या विद्यार्थ्याच्या चित्रांत तीन गोष्टी आडव्या आल्या: अंतर, चाल व अंधार.

अंतराचा हिशेब आम्हीं फळ्यावर मांडला. वाघ सुमारें शंभर मीटरांवर होता. मोबाईलचें नेहमींचें भिंग त्या अंतरावर जवळजवळ १४० मीटर रुंदीचा देखावा टिपतें. पावणेदोन मीटर लांबीचें वाघाचें अंग त्यांत चार हजार बिंदूंपैकीं जेमतेम पन्नास बिंदु व्यापतें, आणि तीन सेंटिमीटरांच्या पट्ट्याच्या वांट्यास एक बिंदुही येत नाहीं. जें चित्रांत आलेंच नाहीं, तें बोटांनीं ताणून मोठें केल्यानें कसें येणार? शाळेच्या कॅमेऱ्यास ३०० मिलिमीटरांचें भिंग लाविलें, तर शंभर मीटरांवर पावणेआठ मीटर रुंदीचाच तुकडा चौकटींत येतो. वाघ तेराशेंहून अधिक बिंदूंवर पसरतो व पट्ट्यास वीसबावीस बिंदु मिळतात. भिंगें काढून बदलतां येणें हा या जातीचा मोठा गुण आहे, तो यासाठीं.

चालीचें गणित आणखी सोपें आहे. सावकाश चालणारा वाघ सेकंदास सव्वा मीटर पुढें सरकतो असें धरा. त्या चित्रासाठीं मोबाईलनें झडपेचा काळ १/१५ सेकंद घेतला होता, असें तपशिलांत दिसलें. तेवढ्यांत वाघ आठ सेंटिमीटर पुढें गेला, म्हणजे पट्ट्यावर पट्टा सारवला गेला. तोच काळ १/५०० सेकंद असता, तर सरकणें अडीच मिलिमीटरांचें झालें असतें. हातांत धरलेल्या लांब भिंगाविषयीं एक जुना ठोकताळा आहे: भिंग ३०० मिलिमीटरांचें, तर झडप निदान १/३०० सेकंदाइतकी जलद असावी, नाहीं तर वाघ स्थिर बसला तरी आपला हात बसत नाहीं.

राहतां राहिला अंधार, आणि येथें माझ्या विद्यार्थ्याची निराशा झाली. प्रकाश आंत घेण्याच्या तीन किल्ल्या आहेत. पहिली भिंगांतील छिद्र, दुसरी झडपेचा काळ, तिसरी संवेदकाची ग्रहणशक्ति, जिला ‘आयएसओ’ म्हणतात. छिद्राचे आंकडे २.८, ४, ५.६, ८, ११ असे चढत जातात, आणि आंकडा चढला कीं छिद्र लहान होतें, यानें प्रत्येक वर्गांत घोटाळा होतो. हा आंकडा म्हणजे भिंगाच्या नाभ्यंतरास छिद्राच्या व्यासानें भागून आलेला भागाकार होय. भाजक लहान झाला कीं भागाकार वाढणारच. प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. समजा, पहाटे ताडोब्यांत ५.६ छिद्र, ४०० आयएसओ व १/६० सेकंद असा मेळ बसला. वाघासाठीं १/५०० पाहिजे, तर प्रकाश तीनदां निम्मा झाला. तो भरून काढण्यास आयएसओ तीनदां दुप्पट करून ३२०० वर न्यावा लागेल. तेथें चित्रांत कण दिसूं लागतात, पण पट्टे वाचतां येतात. तिन्हीसांजेच्या त्या नाल्यावर मात्र छिद्र ५.६ हून मोठें न होणाऱ्या आमच्या भिंगानें इतका आयएसओ मागितला असता कीं कणांनीं पट्टे गिळले असते. अर्धा तास आधीं दिसले असते. त्या वेळीं कदाचित नाहीं, हें माझें उत्तर. कॅमेरा ट्रॅपमधील संवेदक आपल्या कॅमेऱ्याहून लहान असतो, तरी त्याचें चित्र उपयोगी पडतें, तें जवळिकीमुळें: वाघ दोनचार मीटरांवरून जातो आणि उजेड कॅमेरा स्वतःच पाडतो.

छिद्राचा आणखी एक गुण सांगितला पाहिजे. छिद्र मोठें असतां थोड्याच खोलीचा भाग स्पष्ट येतो व मागील बांबूचें रांजीं धुरकट होऊन हरीण उठून दिसतें. छिद्र लहान केलें कीं पुढचें गवत व मागचा साग दोन्ही स्पष्ट होतात. मार्कंड्याचें कोरीव काम टिपावयाचें असेल तर ८ किंवा ११ ठेवावें.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक हुशार असला तरी त्याची समजूत एकच: जग सरासरीनें करडें आहे. चौकटभर रानगवा उभा असला, तर तो त्यास करडा करण्यासाठीं प्रकाश वाढवितो आणि काळें जनावर राखेंत लोळल्यासारखें दिसतें. उलट वरोऱ्याच्या बाजारांतील कापसाचा ढीग मळकट येतो. म्हणून अधिक-उणें अशी खूण असलेली एक कळ ठेवलेली असते. काळ्यासाठीं उणें, पांढऱ्यासाठीं अधिक. नवशिके येथें नेमकें उलट करतात, आणि मीही पहिलें वर्षभर करीत होतों.

चित्र सांठविण्याच्या दोन रीति आहेत. ‘जेपेग’मध्यें प्रत्येक रंगाच्या २५६ छटा राहतात, ‘रॉ’मध्यें चौदा अंकी नोंद असल्यास १६,३८४. काळोखांतील पट्टे मागाहून उजळावयाचे असतील, तर दुसरी रीति घ्यावी. जागा अधिक लागते, एवढाच तोटा.

खरेदी करूं इच्छिणारांसाठीं थोडेसें. बाजार आतां आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे गेला आहे. कॅनन व निकॉन यांनीं २०२० नंतर या जातीचा नवा नमुना काढलेला नाहीं, पेन्टॅक्स मात्र आरशास धरून राहिला आहे. त्यामुळें जुने डीएसएलआर स्वस्त झाले आहेत, आणि शिकणाऱ्यास त्यांत उणें कांहीं नाहीं. घेतांना झडप किती वेळां चालली आहे तें विचारावें. साध्या कॅमेऱ्याची झडप सुमारें एक लक्ष वेळां चालेल असें धरतात. भिंगांत बॅटरीचा झोत टाकून पाहावें. आपल्याकडील पावसाळ्यांत भिंगाच्या आंत बुरशीचीं जाळीं धरतात, तीं पुसून जात नाहींत. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह कॅमेरा ठेवावा. मे महिन्यांत चंद्रपूरचें ऊन आपणच सोसूं शकत नाहीं, तेव्हां बंद गाडींत कॅमेरा ठेवूं नये. जिप्सींत बसून धुळींत भिंग बदलणें तर वेडेपणाच. शाळेच्या संवेदकावर जे तीन डाग आहेत ते माझ्याच उतावळेपणाचे आहेत.

ताडोब्यांत पर्यटकांस मोबाईल नेण्यास मनाई असून कॅमेरा नेतां येतो, याचें मुलांस नवल वाटतें. मोबाईलचें चित्र आपल्याबरोबर ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही नोंदवूं शकतें व क्षणांत गांवोगांव जाऊं शकतें. राजुरा भागांत जानेवारी २०२५ मध्यें वाघांची शिकार करणारे लोक पकडले गेले, हें आठवलें म्हणजे या नोंदीची भीति खरी वाटते. बहुतेक साध्या डीएसएलआरमध्यें ती नोंद होतच नाहीं. ज्यांत होते, त्यांत ती बंद ठेवावी. त्या विद्यार्थ्याच्या चित्रांतूनही आम्हीं ती काढून टाकली, आणि ठिकाण तोंडीं वनरक्षकासच सांगितलें. पुढल्या आठवड्यांत नाल्याच्या दोहों बाजूंस कॅमेरे बांधले गेले.

एप्रिलमध्यें शाळेचा कॅमेरा एका शनिवारीं त्याच्या हातीं दिला. काका बरोबर असल्यावांचून बांध ओलांडावयाचा नाहीं, या अटीवर. त्यानें आणलेलें चित्र या अंकांत छापलें आहे: छिद्र ५.६, झडप १/२५०, आयएसओ ८००, वेळ सकाळचे साडेसहा. त्यांत वाघ नाहीं. मोहाच्या झाडाखालीं त्याची आजी ओणवी होऊन फुलें वेंचीत आहे, आणि गांवच्या आणखी चार बाया पाठीला पाठ लावून चहूंकडे तोंडें करून बसल्या आहेत.