एएनएम झाली, पुढे काय?

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावातून मुलगी बाहेर राहून एएनएम होते आणि घरात लगेच निकाहाची बोलणी सुरू होतात. आमचं म्हणणं एवढंच, की हा 2 वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे शेवट नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या एएनएमला 3 वर्षांच्या जीएनएमला अर्ज करता येतो. त्याची नोंदणी झाली की 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी नर्सिंग, म्हणजे चक्क पदवी! म्हणून निकाल हाती येताच नोंदणी करावी. 'सहा महिन्यांत नर्स' अशा पाटीवाल्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर ही नोंदणी होत नाही. फी भरण्याआधी संस्थेची मान्यता अब्बांनी स्वतः पाहावी. आणि रिश्ता ठरतच असेल, तर उरलेल्या शिक्षणाचं सासरच्यांशी आधीच बोलून घ्यावं.