उशाजवळचे पुस्तक आणि भेगाळलेले हात

या सदराच्या संपादकांनी मध्यंतरी विचारले, ‘‘डॉक्टर, दर वेळी मधुमेह आणि रक्तदाब कशाला? सध्या स्वतःच्या आनंदासाठी काय वाचताय, ते एकदा लिहा ना.’’ मी हो म्हटले आणि मग ओशाळलो. कारण सरकारी रुग्णालयात सत्तावीस वर्षे काढल्यावर माझे वाचन म्हणजे केसपेपर, परिपत्रके आणि निवासी डॉक्टरांचे प्रबंध. आनंदासाठी पुस्तक हातात धरायचे हे मी जवळजवळ विसरलो होतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर मोबाइल असायचा. त्यात तासभर कुठे गेला, हे दुसऱ्या दिवशी सांगता यायचे नाही.

गेल्या पावसाळ्यात झोप बिघडली, तेव्हा मीच रुग्णांना देतो तो सल्ला स्वतःला दिला. मोबाइल बैठकीच्या खोलीत आणि उशाशी कागदी पुस्तक. याला थोडा आधारही आहे. बोस्टनच्या संशोधकांनी बारा जणांना काही रात्री उजळ पडद्यावर आणि काही रात्री छापील पुस्तकातून वाचायला लावले होते. पडद्यावर वाचलेल्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटे जास्त लागली आणि झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवले. बारा माणसे म्हणजे फार नाहीत, हे खरे. पण मला तेवढे निमित्त पुरले.

गावातल्या वाचनालयाची वर्गणी पुन्हा सुरू केली आणि पहिले पुस्तक आणले लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. शाळेत असताना त्यातला एक धडा होता आणि वर्ग खदखदून हसला होता, एवढेच आठवत होते. जुनी प्रत. कोणीतरी पेन्सिलने समासात बरोबरच्या खुणा केलेल्या, एका पानावर हळदीचे बोट. रोज दहा पाने, त्यापेक्षा जास्त नाही, असा माझा नेम आहे. तो आठवड्यातून दोनदा तरी मोडतो.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या गोखले, नाव मनकर्णिका. कवी नारायण वामन टिळकांशी लहानपणीच लग्न झाले. शाळेचे तोंड पाहिलेले नाही, अक्षरओळख नवऱ्याने करून दिलेली. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले. मग काही वर्षांची ताटातूट, पुन्हा एकत्र संसार आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःही तो धर्म स्वीकारला. आठवणींचा पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. हे सगळे कोणत्याही प्रस्तावनेत मिळेल. प्रस्तावनेत मिळत नाही ते बाईंचे बोलणे. शेजारची आजी ओट्यावर बसून गहू निवडता निवडता सांगतेय, असे वाटते. स्वतःच्या दुःखाची फजिती करून सांगायची आणि ऐकणारा हसला की पुढे जायचे, ही त्यांची रीत.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांचे वडील भेटतात, नाना. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे नानांच्या सासऱ्यांना फाशी झाली. त्या घटनेचा नानांच्या मनावर असा परिणाम झाला की तेव्हापासून सोवळ्याओवळ्याने त्यांना पछाडले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य तर धुवायचेच, पण मीठही. त्या धुण्यापायी आईचे आणि मुलांचे जे हाल झाले ते लक्ष्मीबाई गमतीने सांगतात. मीठ धुणारा माणूस! पहिल्या रात्री मी इतका हसलो की सौभाग्यवतींनी ‘काय झालं?’ म्हणून विचारले.

वाचून दाखवायला लागलो आणि मध्येच थांबलो. मला माझी आत्या आठवली.

आत्या आमच्याकडे दिवाळीला यायची. नळाखाली तांब्या धरला की मोजत बसायची, आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही मुले मुद्दाम मध्ये बोलून तिचा आकडा चुकवायचो. तिला रडू फुटायचे, आम्हाला हसू. घरातले म्हणायचे, ‘तिचं सोवळं फार कडक.’ मी डॉक्टर झालो, एमडी झालो, तरी ती जाईपर्यंत मला कधी वाटले नाही की हिला आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

मराठीत या आजाराला छान शब्द आहे, मंत्रचळ. वैद्यकीय भाषेत ओसीडी. मनात एक विचार घुसतो: हात घाण आहेत, दार लावले नाही, देवापुढे काहीतरी चुकले. तो विचार खोटा आहे हे त्या माणसाला बहुतेक वेळा कळत असते, तरी जीव कासावीस होतो. धुतले, तपासले, मोजले की क्षणभर हायसे वाटते आणि तो क्षण सरला की विचार परत हजर. आपण दार लावतो तेव्हा मेंदू ‘झालं’ असा शेरा मारून विषय मिटवतो. मंत्रचळात हा शेराच पडत नाही. मेंदूचा पुढचा भाग आणि खोल गाभ्यातील काही केंद्रे यांच्यात संदेशांचा जो फेरा चालतो, तो तिथल्या तिथे फिरत राहतो. शंभरातल्या एक-दोघांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो आणि तो बहुधा किशोरवयात किंवा विशी-पंचविशीत सुरू होतो. मोठ्या धक्क्यानंतर तो उफाळून येतो, हेही आम्ही पाहतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. पुस्तकातल्या माणसाला रोगाचे नाव चिकटवणे ही आम्हा डॉक्टरांची खोड आहे. नाना माझ्यापुढे बसलेले नाहीत, मी त्यांना तपासलेले नाही. शिवाय त्या काळी सोवळे हा घरोघरचा आचार होता, आजार नव्हे. आजही कोणी अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसेल, तर तो त्याचा नेम. नेम पाळून माणसाला समाधान मिळते आणि तो उरलेल्या कामाला लागतो. मंत्रचळात समाधान मिळतच नाही. दिवसाचा तासाहून अधिक वेळ त्यात जातो, नोकरी-शाळा-संसार अडतो, हाताची कातडी निघते. आम्ही डॉक्टर फरक तिथे करतो. तरीही त्या वर्णनात घर कसे पिचून निघते ते इतके नेमके आहे की आमच्या विद्यार्थ्यांना ती पाने वाचायला द्यावीत.

आता मूळ गोष्ट. पुस्तक सुरू करून आठवडा झाला असेल. सोमवारची ओपीडी, बाहेर दोनशे माणसे. एक बाई आल्या, चाळिशीच्या. तक्रार अशक्तपणाची. मी रक्त तपासायला लिहून देत होतो आणि त्यांनी कागद घेण्यासाठी हात पुढे केला. पदरात गुंडाळलेला हात, बोटांच्या पेरांवर भेगा, काही ठिकाणी रक्त. केसपेपर मागे उलटून पाहिला. दोन वर्षांत त्या तीनदा माझ्याच ओपीडीत येऊन गेल्या होत्या. तीनही वेळा माझ्या अक्षरात लिहिलेले होते : हाताला इसब, त्वचारोग विभागाकडे पाठवावे. तिथून मलम मिळत होते, आठ दिवस बरे वाटत होते आणि पुन्हा तेच.

‘‘ताई, दिवसातून हात किती वेळा धुता?’’

त्या गप्प. मग यजमानांकडे पाहिले. तेच म्हणाले, ‘‘साहेब, मोजायचं सोडलंय आम्ही. महिन्याला साबणाच्या वीस वड्या लागतात.’’

सुरुवात करोनाच्या आधीच झाली होती. पण करोनात आम्हीच सगळ्यांना वीस-वीस सेकंद हात धुवायला सांगत होतो. ‘‘तेव्हा गल्लीत सगळे माझं कौतुक करायचे,’’ त्या म्हणाल्या. करोना ओसरला, बाकीच्यांचे धुणे थांबले, यांचे वाढले. मुलगा शाळेतून आला की दारातच कपडे काढायचा. भाजी साबणाच्या पाण्यात. नवऱ्याने नोटा धुवून वाळत घातल्या होत्या. हे सगळे ते मुकाट करत होते, कारण नाही केले तर त्या रात्रभर रडत.

घरच्यांचे हे वागणे मायेचेच असते. पण प्रत्येक वेळी आपण धुऊन दिले, की भीती खरी होती असा पुरावा आजाराला मिळतो. तो तेवढ्याने शांत होत नाही, आणखी मागतो. नानांच्या घरात हेच चालले होते. मात्र यावर उपाय म्हणून एका दिवसात ‘आजपासून काही धुणार नाही’ असा दम देणेही चूक. ते उपचार करणाऱ्याबरोबर ठरवून, पायरीपायरीने कमी करायचे असते.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही चांगले. एक, फ्लुओक्झेटिनसारखी औषधे. नैराश्यासाठी लागतात त्यापेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रेत द्यावी लागतात आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. महिनाभरात फरक नाही म्हणून निम्मे लोक सोडून देतात, असा माझा अनुभव आहे. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पण मनाने एकदम बंद करू नयेत. दुसरा उपचार वर्तनाचा. १९६६ साली लंडनमधील व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने अशा दोन रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम हात लावायचा आणि नंतर धुवायचे नाही. ऐकायला क्रूर वाटते. पण न धुता बसले, की भीती चढते, शिगेला जाते आणि आपोआप उतरते. ती उतरते, हे शरीराने स्वतः अनुभवावे लागते. सांगून पटत नाही.

बाईंना मी वरच्या मजल्यावरच्या मानसोपचार विभागात स्वतः घेऊन गेलो. तो जिना चढायलाच लोकांना लाज वाटते, म्हणून. ज्यांना असे कोणी सोबत नसेल, त्यांनी टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर आधी बोलून पाहावे. दिवसरात्र कोणीतरी असते.

आमच्या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्यासोबत पायऱ्यांची यादी केली. सोप्यापासून अवघडाकडे : घरचे दाराचे कडे, बाजारातली पिशवी, नोट, एसटीचा दांडा. तीन महिन्यांनी त्या मला दाखवायला आल्या. हात बरे होते, पण पूर्ण नाही. टेबलावर माझे पुस्तक होते, दुपारच्या डब्यानंतर पाने उलटायला आणलेले. त्या त्याच्याकडे पाहत होत्या.

‘‘वाचनालयाचं आहे?’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे किती लोकांनी हात लावला असेल.’’

‘‘हळदीचंही बोट आहे,’’ मी म्हणालो. त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘माझ्या यादीत शेवटून दुसरं हेच आहे. वाचनालयाचं पुस्तक. ते धुता येत नाही ना, साहेब.’’

मी नानांची गोष्ट सांगितली. मीठ धुण्याचे ऐकून त्या हसल्या नाहीत. ‘‘विरघळत असेल,’’ एवढेच म्हणाल्या. नंतर विचारले, ‘‘मग त्या मुलीचं काय झालं? तीपण तशीच झाली का?’’

नाही झाली. सोवळ्याच्या त्या घरातली मुलगी बराच काळ स्वतःही जातपात आणि विटाळ पाळत राहिली, नवरा ख्रिस्ती झाल्यावरही. पण स्वतः ख्रिस्ती होण्याच्या आधीच एका टप्प्यावर तिने हे सगळे मनातून काढून टाकले आणि कोणाच्याही हातचे पाणी घ्यायचे ठरवले. ते श्रद्धेचे मंथन होते, त्याला उपचार म्हणता येणार नाही आणि मी तसे म्हटलेही नाही. जेवढे ठाऊक होते तेवढे सांगितले. कारण मी स्वतः अजून तिथवर पोहोचलो नव्हतो. टिळक धर्मांतर करणार या बातमीपाशी माझी खूण होती.

त्यांनी पुस्तक उचलले. दोन्ही हातांनी, बोटांच्या टोकांवर धरून. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. अर्धा तास न धुता बसायचे, असा त्यांचा नियम आहे. बाहेर बाकावर बसून त्यांनी तो पाळला, असे सिस्टरने नंतर सांगितले. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा उठल्या, पण बेसिनपर्यंत गेल्या नाहीत.

पुस्तक त्या घरी घेऊन गेल्या आहेत. वाचनालयाची मुदत परवाच उलटली, ग्रंथपालबाईंचा फोनही येऊन गेला. दंड मी भरीन असे सांगितले. उशाशी सध्या जागा रिकामी आहे आणि मोबाइल मात्र बैठकीच्या खोलीतच आहे.