सहीची शाई किती जुनी?

उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतूही आला. जमिनीला असा भाव आला, की कुणा चुलत्याच्या कपाटातून जुने साठेखत नाहीतर वाटणीपत्र निघते. खाली सही, वर वीस वर्षांपूर्वीची तारीख. मग वारसांची मागणी ठरलेली : शाईचे वय काढा.

मागणी साधी वाटते, उत्तर तसे नाही. मृतदेहाच्या तापमानावरून मृत्यूची वेळ अंदाजतात, त्यातलाच हा प्रकार. बॉलपेनच्या शाईत रंग आणि राळेबरोबर बहुधा फिनॉक्सीइथॅनॉल नावाचे द्रावक असते. लिहिताक्षणी ते उडू लागते. आधी भराभर, मग रेंगाळत. परीक्षक रेघेतून टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके कापतो, तापवतो आणि उरलेले द्रावक गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतो. पण मृतदेह खोलीच्या तापमानाला येऊन थांबतो, तशी साधारण दीड-दोन वर्षांनी ही घटही जवळपास थांबते. म्हणजे वीस वर्षांपूर्वीची म्हणून दाखवलेली सही गेल्या महिन्यातली असेल, तर पकडली जाऊ शकते. ती पाच वर्षांची की वीस, हे मात्र शाई सांगत नाही. त्यातही कागद प्लास्टिकच्या पिशवीत राहिला की हे घड्याळ मंदावते, पत्र्याखाली तापला की धावते. जेल पेनची शाई पाण्यावर आधारलेली. तिला हा हिशेब लागू पडत नाही. रंग फिका पडतो तो मुख्यतः उजेडात, ट्रंकेत नव्हे.

मद्रास उच्च न्यायालयात २०१० मध्ये धनादेशाच्या एका प्रकरणात तज्ज्ञाने सांगितले, की लिखाणाचे वय ठरवण्याची शास्त्रीय पद्धत उपलब्ध नाही.

म्हणून मुरलेला परीक्षक आधी इतर खुणा शोधतो. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन निळ्या शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात, आणि नंतर घुसडलेला आकडा उघडा पडतो. घडीवरून गेलेली रेघ घडीआधीची की नंतरची, हे सूक्ष्मदर्शकात बऱ्याचदा कळते. हिटलरच्या तथाकथित डायऱ्या १९८३ मध्ये उघड्या पडल्या, त्यात कागदातल्या युद्धानंतरच्या चकाकी-द्रव्याचा मोठा वाटा होता. आपल्याकडे तर कधी नुसते वाचूनही भागते. रुपयाचे ₹ हे चिन्ह जुलै २०१० मधले. २००४ च्या करारात ते कसे येईल? आणि १९७५ च्या कागदावर ‘जिल्हा रायगड’ असेल, तर शाई तपासायचे कारणच उरत नाही. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड झाले १९८१ मध्ये.

वादात जाऊ शकणारी मूळ प्रत लॅमिनेट करू नये. त्या उष्णतेने आणि वरच्या पापुद्र्याने पुढची तपासणी बिघडते. झेरॉक्स देऊन तर उपयोगच नाही, तिच्यावर पेनाची शाईच नसते.