स्लोवर बंद पडणारं होडीचं इंजिन

खाडीकाठच्या, धरणाकाठच्या ज्या गटांकडे होडी आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. ज्यांच्याकडे होडी नाही, त्यांनीही ऐका. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या फवारणी पंपाचं दुखणंही बरेचदा हेच असतं.

आमचा गट पर्यटकांना कांदळवनातून फिरवून आणतो. होडीच्या मागे बाहेरून लावायचं, दोन सिलिंडरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन आहे. एका हंगामात त्याला खोड लागली. जोरात चालवलं की छान पळायचं. धक्क्याजवळ येऊन वेग कमी केला, की धडधडायचं, हिसके द्यायचं आणि बंद पडायचं. एकदा भर ओहोटीत असं झालं. होडीत सहा पाहुणे, त्यात दोन लहान मुलं, आणि पाण्याची ओढ खाडीच्या तोंडाकडे. वल्ही सोबत होती म्हणून काठ गाठला.

दुरुस्तीला नेलं, तर तिथे स्क्रू पिळून स्लोचा वेग वाढवून दिला. इंजिन बंद पडेनासं झालं, पण आता गिअर टाकला की खाडकन आवाज यायचा आणि होडी झेप घ्यायची. बसायला वाकलेल्या एक आजी पडता पडता वाचल्या. म्हणजे दुखणं आत तसंच होतं, वरून फक्त झाकलं होतं. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, स्क्रूला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

असं का होतं? कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जायला वेगवेगळ्या वाटा असतात. जोरात चालवताना मोठ्या जेटमधून पेट्रोल येतं. स्लोवर मात्र ते अगदी बारीक भोकातून येतं. पेट्रोल साचून चिकट झालं, की सगळ्यात आधी हेच भोक बुजतं. म्हणून इंजिन पळतं, पण थांबायच्या वेळी गळपटतं.

आता क्रमाने तपासू. आधी बिनखर्चाचं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. तो बंद असेल तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेट्रोल पुढे येत नाही.

मग टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला, तर पाणी शिरलंय. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या इंजिनांच्या रबरी नळ्याही त्याने खराब होऊ शकतात. थर दिसला तर ते पेट्रोल वापरू नका.

ऑइलचं मापही बघा. इंजिनाच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल, तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. काही जुन्या इंजिनांना २५:१ लागतं, म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतू नका. जास्त झालं तर प्लग काळे होतात, कमी झालं तर इंजिन जाम होतं. ऑइल होडीच्या इंजिनाचंच घ्या, दुचाकीचं नको.

आता इंजिन स्लोवर ठेवा. ते गळपटायला लागलं, की नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबा. दाबल्यावर इंजिन सावरलं, तर पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये. नळीला चीर असेल, जोड सैल असेल, नाहीतर पेट्रोल पंपाचा पडदा फाटला असेल.

फरक पडला नाही, तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि दोन्ही प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. एक ओला नि काळा असेल, तर तो सिलिंडर स्लोवर पेटत नाहीये. दोन्ही प्लगांची अदलाबदल करून पुन्हा चालवा. ओलेपणा प्लगाबरोबर गेला, तर प्लग बदला. त्याच सिलिंडरवर राहिला, तर वायर, कॉइल किंवा कार्बोरेटर मिस्त्रीला दाखवा.

आमच्याकडे दोन्ही प्लग सारखेच होते. शेवटी कार्बोरेटर उघडला, तर स्लोचं जेट बुजलेलं. पावसाळ्यात होडी वर ओढली, तेव्हा आतलं पेट्रोल तसंच राहिलं होतं. जेट कार्बोरेटरच्या स्प्रेने आणि हवेने साफ करायचं. तार किंवा सुई घालायची नाही, भोक मोठं होतं. हे काम उघड्यावर करा, जवळ चूल, विडी काही नको.

इतकं झाल्यावरच स्क्रू. आधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते वहीत लिहा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. मग पुस्तकात दिलेत तितके फेरे बाहेर घ्या. बारीक जुळवणी इंजिन गरम झाल्यावर, होडी धक्क्याला घट्ट बांधून, गिअरमध्ये ठेवून करा. त्या वेळी पंख्याजवळ कुणी नको. आणि इंजिन पाण्याबाहेर कधीही चालवू नका. आत पाणी खेचणारं रबरी चक्र काही क्षणांत जळतं.

पावसाळ्याआधी एक काम नक्की करा. इंजिन पाण्यात असताना पेट्रोलची नळी काढा, आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल भांड्यात काढा. पंधरा मिनिटं लागतात.

हे काम आमच्या गटात आता पाळीने होतं. तारीख, ऑइलचं माप, प्लग कधी बदलला, सगळं हिशेबाच्या वहीतच लिहितो. आणि इंजिन कितीही गोड वाजत असलं, तरी वल्ही नि जॅकेट घेतल्याशिवाय होडी सुटत नाही.

तुमच्या इंजिनाची काही खोड असेल तर कळवा, पुढच्या वेळी तिच्यावर बोलू.