रोतारीचे चेहरे: भाव हाच विषय

चित्रकार पिएत्रो रोतारी (१७०७–१७६२) मूळचा इटलीतल्या व्हेरोनाचा. व्हिएन्ना, ड्रेस्डेन करत १७५६ मध्ये रशियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथच्या निमंत्रणावरून तो सेंट पीटर्सबर्गला गेला. त्याची तैलरंगातली मस्तकचित्रे व्यक्तिचित्रांत मोजू नयेत. व्यक्तिचित्राला नाव, हुद्दा, साम्य लागते. या मस्तकचित्रांतल्या बहुतेक मुली निनावी आहेत आणि विषय आहे डुलकी, रडू, लाज, दाबून धरलेले हसू. पीटरहॉफ राजवाड्याच्या एका दालनात अशी ३६८ चित्रे भिंतभर खेटून लावली आहेत. तेच ते चेहरे पुन्हा भेटतात, हा आक्षेप खरा; पण चेहरा ओळखीचा झाला की पापणीतला, ओठाच्या कोपऱ्यातला किंचित फरकही नजरेत भरतो. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रुन याच्या ठसठशीत भावमुद्रांहून हे काम कितीतरी हळुवार आहे.