पक्षाघातानंतरचं मन

आता पक्षाघाताकडे येऊ. हातपाय लुळे पडले की आपण लगेच फिजिओथेरपी सुरू करतो. मनाचं मात्र ‘धीर धरा’ एवढ्यावर भागवतो. वास्तविक पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, बरेचदा पहिल्या वर्षातच. देकार्तनं शरीर आणि मन वेगळी मानली. मेंदूतली गुठळी हा भेद पाळत नाही. काही रुग्णांना दुःख नसतानाही रडू कोसळतं, कारण भावना व्यक्त होण्यावरचा मेंदूचा ताबा सुटलेला असतो. उलट, वाचा गेलेला रुग्ण आतून खचला तरी सांगणार कसा? म्हणून झोप उडणं, जेवण टाकणं, व्यायाम नकोसा होणं हे आपणच हेरायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. यावर औषधं आहेत, समुपदेशन आहे. ‘मन खंबीर कर’ हा उपदेश झाला, उपचार नव्हे.